पाळी मागेपुढे होते तेव्हा

१९३४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या ॲलन ट्रेलोर यांनी तिथल्या विद्यार्थिनींना एक साधं काम दिलं. पाळी कुठल्या दिवशी सुरू झाली आणि कुठल्या दिवशी थांबली, एवढ्या खुणा छापील कार्डावर करायच्या आणि वर्ष संपलं की कार्ड परत पाठवायचं. मुली पदवी घेऊन गावोगाव पांगल्या, त्यांची लग्नं झाली, बाळंतपणं झाली, तरी कित्येक जणी कार्डं पाठवत राहिल्या. १९६७ साली ट्रेलोर यांनी या सगळ्याचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे २,७०० स्त्रियांच्या पावणेतीन लाखांच्या आसपास चक्रांची नोंद त्यांच्यापाशी जमली होती. त्यातून दिसलं ते असं की दोन पाळ्यांमधलं अंतर बदलत राहणं, हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. वयात आल्यावर पहिली काही वर्षं ते खूप बदलतं, विशी ते चाळिशीच्या दरम्यान त्यातल्या त्यात स्थिरावतं आणि पाळी जाण्याआधीची काही वर्षं पुन्हा बेभरवशाचं होतं.

तरीही शाळेच्या पुस्तकापासून गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटापर्यंत सगळीकडे २८ हाच आकडा ठाण मांडून बसला आहे. २०१९ साली एका मोबाइल ॲपवर नोंदवलेल्या सहा लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी निघाली २९.३ दिवस, आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं होती शंभरातली जेमतेम तेरा. म्हणजे ज्याला आपण नियम समजतो, तो बहुतेकींच्या बाबतीत बहुतेक वेळा मोडलेलाच असतो.

पाळीबद्दलचा आपल्याकडचा अर्धा घोर या एका आकड्याने लावलेला आहे, असं मला वाटतं. तीन दिवस उशीर झाला की घरात काळजीचं वातावरण. उरलेला अर्धा घोर मात्र खरा असतो आणि तो कुणी लावून घेत नाही. चार-चार महिने पाळी येत नाही, आली की दहा दिवस थांबत नाही, जिने चढताना धाप लागते, पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि पुन्हा डाग दिसला, या गोष्टी 'बाईच्या जातीला हे असायचंच' म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढल्या जातात. कशाची काळजी सोडायची आणि कशाची करायची, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

आधी मोजू या

'पाळी नियमित येते का?' या प्रश्नावर बऱ्याचदा उत्तर मिळतं: 'नाही हो, मागच्या महिन्यात १२ तारखेला आली, या वेळी ९ तारखेलाच.' मागचा महिना ३१ दिवसांचा असेल तर हे अंतर बरोबर २८ दिवस भरतं. तसंच 'एका महिन्यात दोनदा आली' असं घाबरून सांगणारीची पहिली पाळी १ तारखेची आणि दुसरी २९ तारखेची असते. शरीराला इंग्रजी महिन्याशी काही देणंघेणं नाही. तारखेला तारीख जुळवून बघण्याऐवजी दिवस मोजायचे. काही जणी रक्तस्राव थांबल्यापासून मोजतात, त्यामुळे त्यांना आपलं चक्र पाच-सहा दिवसांनी छोटं वाटतं. मोजणी सुरू होते ती लाल रक्तस्राव लागलेल्या पहिल्या दिवसापासून आणि संपते पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी. पाळीच्या आधी एखाद-दोन दिवस नुसता तपकिरी डाग दिसत असेल तर तो धरायचा नाही, पण लिहून मात्र ठेवायचा.

जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या महासंघाने २०१८ साली सुधारलेल्या व्याख्येनुसार प्रौढ स्त्रीच्या दोन पाळ्यांमधलं अंतर २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत असेल, तर त्यात वावगं काही नाही. नियमितपणा ठरतो तो तिच्या स्वतःच्या सर्वांत छोट्या आणि सर्वांत मोठ्या चक्रातल्या फरकावरून. साधारण २६ ते ४१ या वयात हा फरक ७ दिवसांपर्यंत आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे ९ दिवसांपर्यंत चालतो. एखादीची पाळी कधी २६, कधी ३१, तर कधी २९ दिवसांनी येत असेल, तर तिची पाळी नियमित आहे. तिला कुणी अनियमित म्हटलं असेल तरीही.

हे कळण्यासाठी हाताशी निदान चार-सहा महिन्यांच्या नोंदी हव्यात. मराठी घरात त्याची सोय भिंतीवरच असते. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, संकष्टी यांच्या शेजारी पेनाची एक बारीक फुली कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. घरातल्या सगळ्यांनी ती पाहावी असं वाटत नसेल तर मोबाइल आहेच. पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि सर्वांत जास्त गेलेल्या दिवशी किती पॅड बदलले, एवढं लिहिलं तरी पुरे. ॲप पुढच्या पाळीची तारीख सांगतं, तो मागच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज असतो. ज्यांची चक्रं मुळात कमी-जास्त होतात, त्यांनी त्या तारखेवर विसंबू नये, आणि दिवस राहू नयेत म्हणून तर मुळीच नाही.

उशीर नेमका कुठे होतो

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तो ठरावीक वेळाने एका हार्मोनचे ठोके देतो. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि पिट्युटरीच्या हुकमावर अंडाशय. अंडाशयात काही बीजपुटिका वाढू लागतात, त्यातली एक पुढे जाते, तिच्यातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आणि मग स्त्रीबीज बाहेर पडतं. रिकाम्या झालेल्या पुटिकेतून नंतर प्रोजेस्टेरॉन तयार होतं. ते अस्तराला सावरून धरतं. गर्भ राहिला नाही की दोनेक आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन घटतं, अस्तर सुटतं, पाळी येते.

स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं, हे १९२०च्या दशकात जपानमधल्या निगाता शहरातले डॉक्टर क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं. यात महत्त्वाची गोष्ट ही की मागच्या पाळीपासून मोजलं तर हिशेब जुळत नाही. पुढच्या पाळीपासून उलटं मोजलं तर जुळतो. वर सांगितलेल्या ॲपच्या अभ्यासातही स्त्रीबीज सुटल्यानंतरचा काळ सरासरी १२.४ दिवस निघाला. तो फारसा हलत नाही. हलतो तो आधीचा टप्पा. म्हणून पाळी लांबली याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्या वेळी स्त्रीबीज उशिरा सुटलं.

आणि ते उशिरा सुटण्याची कारणं पुष्कळदा गळ्याच्या वर असतात. बारावीची परीक्षा, घरातला मृत्यू, महिनाभराची रात्रपाळी, टायफॉइडसारखं दुखणं, लग्नाच्या आधी घाईघाईने घटवलेलं वजन. अशा काळात मेंदूतले ते ठोके मंदावतात. लांब पल्ल्याच्या धावपटू, नर्तकी, कुस्ती किंवा कबड्डीचा कसून सराव करून त्या मानाने कमी खाणाऱ्या मुली यांची पाळी तर कित्येक महिने बंद पडू शकते. 'खेळामुळे असं होतंच' म्हणून प्रशिक्षक ते सोडून देतात. पण त्या महिन्यांत इस्ट्रोजेन कमी पडलेलं असतं आणि हाडं कच्ची राहतात. उपाय औषधाच्या आधी ताटात शोधावा लागतो.

पाळी आली नाही की 'आत घाण साठतेय' अशी भीती घालणारी एक तरी आत्या किंवा मावशी प्रत्येक घरात असते. तसं काही साठत नाही. स्त्रीबीज सुटलेलं नसल्याने अस्तर सुटायची वेळच आलेली नसते, किंवा अस्तर वाढलेलंच नसतं. पपई, तीळ-गूळ खाऊन पाळी 'उतरवता' येते याला आधार नाही. तीळ-गूळ खावा, तो चांगलाच लागतो. एका परिस्थितीत मात्र रक्त खरंच आत साठतं. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची आहे, छातीची वाढ झाली आहे, पाळी कधीच आलेली नाही आणि दर महिन्याला तिच्या ओटीपोटात कळा येतात, अशा वेळी योनिमार्गाचा पडदा पूर्ण बंद असण्याची शक्यता असते. छोट्या शस्त्रक्रियेने तो प्रश्न सुटतो. उशीर केला तर त्रास वाढतो.

मुलगी लहान असताना

पहिली पाळी आल्यानंतर वर्षभर कुठलंही अंतर चालतं. दोन महिन्यांनी आली, मग तीन आठवड्यांनी आली, तरी ते शिकाऊपण आहे. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवस. तिसऱ्या वर्षानंतर मात्र अंतर ३५ दिवसांच्या आत यायला हवं आणि वर्षात निदान आठ पाळ्या व्हायला हव्यात. पहिलं वर्ष सरल्यावर एकदा जरी सलग ९० दिवस पाळी आली नाही तर दाखवावं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल, किंवा छाती वाढायला लागून तीन वर्षं उलटली तरी आली नसेल, तर आणखी वाट बघण्यात अर्थ नाही.

या वयात सर्वांत जास्त गोंधळ घालणारी गोष्ट म्हणजे सोनोग्राफीचा रिपोर्ट. सोळा वर्षांच्या मुलीची पाळी दोनदा लांबली, आई तिला घेऊन परस्पर सोनोग्राफी करून आली आणि कागदावर 'पीसीओडी' छापून आलं. मुलगी रात्रभर मोबाइलवर वाचते आणि सकाळी आईला विचारते, मला मूल होणार नाही का? वास्तविक या वयात अंडाशयात भरपूर बीजपुटिका दिसणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे.

रिपोर्टवर 'पीसीओडी' म्हणून छापला जाणारा पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा विकार १९३५ साली शिकागोच्या आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांच्या उदाहरणांवरून वर्णन केला. जगातल्या दर शंभर प्रजननक्षम स्त्रियांपैकी ८ ते १३ जणींना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ सालचा अंदाज होता. प्रौढ स्त्रीत निदान करताना तीन गोष्टी बघतात: पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन जास्त असल्याच्या खुणा (हनुवटीवर राठ केस, न जाणारी मुरमं, डोक्यावरचे केस विरळ होणं किंवा रक्तातली वाढलेली पातळी) आणि अंडाशयाचं विशिष्ट रूप. तिसऱ्या गोष्टीसाठी सोनोग्राफी करतात. प्रौढ स्त्रियांत एएमएच ही रक्ताची चाचणीही चालते. तीनपैकी दोन जुळल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही तरच निदान पक्कं. निव्वळ सोनोग्राफीवर ते ठरत नाही. निकष बदलले की आकडा कसा बदलतो हे मुंबईतल्याच एका अभ्यासात दिसलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत किशोरवयीन आणि तरुण मुलींमध्ये पीसीओएसचं प्रमाण एका निकषाने २२.५ टक्के निघालं आणि दुसऱ्या, जास्त कडक निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच होत्या.

विकार खरा असतो तेव्हा मात्र तो पाळीपुरता राहत नाही. यातल्या पुष्कळ जणींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, म्हणून इन्सुलिन जास्त तयार होतं आणि ते अंडाशयांना पुरुषी हार्मोन तयार करायला चिथावतं. आपल्याकडे हे वजन फारसं नसतानाही घडतं. म्हणून अशा मुलीची साखर आणि रक्तदाब तपासायचा असतो, नुसती सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करण्यात काही हशील नाही. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते. पण हा सल्ला ज्या सुरात दिला जातो तो ऐकून मुली पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हेही खरं आहे.

औषधाचा एक हेतू समजून घेण्यासारखा आहे. स्त्रीबीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन येत नाही, इस्ट्रोजेन मात्र अस्तर वाढवत राहतं. असं महिनोन्‌महिने चाललं तर एके दिवशी ते अस्तर वेडंवाकडं सुटून धो धो रक्तस्राव होतो, आणि वर्षानुवर्षं चाललं तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून गोळ्या देऊन निदान तीन महिन्यांतून एकदा तरी पाळी आणतात. 'गोळ्या घेतल्या की येते, नाहीतर येत नाही, मग उपयोग काय?' या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आणि मूल? स्त्रीबीज अधूनमधून सुटतच असतं. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मूल होतं, काहींना औषधांची मदत लागते. मूल नको असेल तर साधन वापरावंच लागतं.

औषधांच्या चिठ्ठीवर काय आहे

पाळी चुकली की लैंगिक संबंध आलेल्या कुठल्याही स्त्रीने पहिल्यांदा लघवीची चाचणी करावी. साधन वापरलं होतं, अंगावर पाजते आहे, पंचेचाळिशी आली आहे, यातलं काहीही असलं तरी. औषधाच्या दुकानात ती चाचणी स्वस्तात मिळते आणि पुढचे कितीतरी तर्क वाचवते.

दुसरं म्हणजे चालू असलेली सगळी औषधं आठवून बघावीत. हा मुद्दा मला मुद्दाम लांबवून सांगावासा वाटतो, कारण तो डॉक्टरांकडूनही राहून जातो. आपल्याकडे ॲसिडिटीसाठी ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्यातल्या काहींमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर डॉम्पेरिडोन किंवा लिव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन. ते वाढलं की मेंदूतले ठोके मंदावतात, पाळी लांबते, कधी छातीतून दुधासारखा स्राव येतो. घाबरून बाई मेंदूच्या एमआरआयपर्यंत जाते आणि कारण पर्समधल्या गोळ्यांच्या पट्टीत असतं. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनीही हेच होतं. ती मात्र आपल्या मनाने बंद करायची नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर पर्याय निघतो.

गौरी-गणपती, घरातलं लग्न, पंढरपूरची वारी यांच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा खप असतो. त्यातलं नॉरएथिस्टेरॉन सहसा निरुपद्रवी असतं, पण पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, जवळच्या नात्यात कुणाला झाली असेल, यकृताचा आजार किंवा न तपासलेला रक्तस्राव असेल, तर ते विचारल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि पुढचं वेळापत्रक थोडं इकडेतिकडे होतं. देवाला पाळी चालत नाही हे कुणी ठरवलं, हा प्रश्न मी इथे काढत नाही, पण गोळी घेणारीच्या मनात तो यायला हरकत नसावी. संबंधांनंतर ७२ तासांत घ्यायच्या गोळीनेही त्या महिन्याची पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर चाचणी करायची.

थायरॉइड कमी-जास्त असेल तर पाळीही बिघडते, आणि ते एका साध्या रक्तचाचणीत कळतं. आपल्या देशात आणखी एक कारण विसरून चालत नाही ते क्षयरोगाचं. गर्भाशयाचा क्षय खोकल्याविना, तापाविना हळूहळू अस्तर खातो. पाळी दरवेळी कमी कमी होत जाते, मग बंद होते, आणि बहुधा मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावरच तो सापडतो. चाळिशीच्या आत पाळी तीन-चार महिने बंद राहिली, अंगातून गरम वाफा येऊ लागल्या, तर अंडाशयांचं काम वेळेआधी थंडावतंय का हेही तपासतात.

जास्त जाणं

तारखेपेक्षा रक्ताच्या प्रमाणाकडे लक्ष द्या, असं मी सांगेन. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. १९६०च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गला झालेल्या अभ्यासात ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की शरीरातलं लोह आटू लागतं असं आढळलं. घरी कुणी मिलिलिटर मोजत नाही. तासा-दोन तासांना पॅड भिजून बदलावा लागतो, रात्री उठावं लागतं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, रक्तस्राव आठ दिवसांच्या पुढे जातो, यातलं काही असलं तर ते जास्तच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. सगळा काही पाळीमुळे नाही, पण ज्या शरीरात आधीच रक्त कमी आहे त्याला अशी पाळी परवडत नाही. मुलीला अगदी पहिल्या पाळीपासूनच भरमसाट जात असेल, दात काढल्यावरही रक्त लवकर थांबलं नसेल, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो. तो तपासायला हवा.

मोठ्या वयात कारणं बहुधा गर्भाशयातच असतात. गाठी म्हणजे फायब्रॉइड, अस्तरातला कोंब, किंवा अस्तरच स्नायूत शिरणं. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने जास्त जातं, ते बहुधा आपोआप कमी होतं. उपचार पुष्कळ आहेत: रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, लोह, आणि तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, ज्याचा परिणाम काही वर्षं टिकतो.

तरीही आपल्याकडे पस्तिशीतल्या बाईला सरळ 'पिशवी काढून टाका' असं सांगितलं जातं, आणि ती काढतेही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पहाटेपासून कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, फडात ना पाणी ना आडोसा, आणि खाडा झाला तर मुकादम उचलीतून दंड कापणार. अशा ठिकाणी दुखणारं, वाहणारं शरीर घेऊन बाई दवाखान्यात जाते, तेव्हा तिला कर्करोगाची भीती घालणं फार सोपं असतं. पिशवी काढणं काही वेळा खरंच गरजेचं असतं. पण रक्तस्रावाचं कारण न शोधता, औषधं देऊन न बघता, आणि अंडाशय ठेवणार की काढणार हेही न सांगता केलेली शस्त्रक्रिया हा उपचार नव्हे. अंडाशय गेले की त्याच दिवशी पाळी जाण्याचा काळ सुरू होतो, आणि पस्तिशीत हाडांना आणि हृदयाला तो महागात पडतो. अशी सूचना मिळाली की दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. एवढी घाई असणारे प्रसंग फार थोडे असतात.

चाळिशीनंतर

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्याआधीची काही वर्षं ती आधी जवळजवळ येते, मग लांबते, कधी दोन महिने दडी मारते. हे अपेक्षित आहे. पण याच वयात 'आता जायची वेळ झाली, म्हणून जास्त जातंय' या समजुतीखाली बरंच काही झाकलं जातं. पाळी जाताना ती विरळ होते. सतत, भरपूर किंवा दोन पाळ्यांच्या मधेच रक्त जात असेल तर अस्तराचा नमुना काढून तपासावा लागतो, विशेषतः पंचेचाळिशीनंतर आणि वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर. संबंधांनंतर रक्त दिसणं कुठल्याही वयात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी मागतं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. अशा दहापैकी नऊ जणींत कारण साधं निघतं. दहाव्या जणीचा कर्करोग लवकर सापडला तर बहुधा पूर्ण बरा होतो.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचे प्रसंग थोडे आहेत, पण ते पाठच असावेत. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. चाचणीत दोन रेषा आल्या आहेत आणि रक्त जातंय. किंवा दर तासाला पॅड भिजतोय आणि उभं राहवत नाही.

डॉक्टरांपुढे

जाताना तारखांची नोंद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुने रिपोर्ट बरोबर असू द्या. तपासण्यांची यादी फार लांब नसते: गर्भाची चाचणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, गरजेप्रमाणे साखर आणि सोनोग्राफी. कुमारिकेची सोनोग्राफी पोटावरून होते, त्यासाठी लघवी भरलेली असावी लागते. आतून तपासणी तिच्या संमतीशिवाय करत नाहीत आणि बहुतेक वेळा ती लागतही नाही, हे आईला आधीच माहीत असलं तर दोघींची धास्ती कमी होते. 'लग्न झालंय का?' या प्रश्नाने डॉक्टरांना विचारायचं असतं वेगळंच. उत्तर आईसमोर देता येत नसेल तर दोन मिनिटं एकटीला बोलायचंय असं मुलीने सांगावं, आणि आईनेही मनाला लावून न घेता बाहेर बसावं.

'लग्न झालं की होईल सुरळीत', 'एक मूल झालं की पाळी आपोआप लागेल' एवढंच सांगून कुणी चिठ्ठी संपवली, तर दुसरा डॉक्टर शोधावा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' नावाचे कक्ष चालतात. तिथे मुलीला समुपदेशकाशी एकटीने बोलता येतं. कक्ष कुठल्या दिवशी उघडा असतो, हे गावातल्या आशाताईंना विचारलं की कळतं.